तारीख रोजच जाते

२०२३च्या जुलैमधला शेवटचा शनिवार. मी पुण्याहून इंझोरीला पोचलो तेव्हा बॅगेत काकूसाठी बाकरवडी होती आणि काकासाठी ४८० जीबीची एसएसडी.

काकाचं ऑनलाइनचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. गाव त्याला सेतूच म्हणतं. त्या वर्षी राज्यात एक रुपयात पीक विमा आला होता आणि शेवटची तारीख होती ३१ जुलै, म्हणजे सोमवार. सोयाबीन आणि तुरीवाले सातबारा, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओट्यावर बसलेले. केंद्राला एका अर्जामागे ४० रुपये मिळायचे, पण काकाला खरी धास्ती वेगळीच होती. अर्ज राहिला तर त्या माणसाला हंगामभर विमा नाही, आणि तो माणूस रोज समोरून जाणार.

त्यात कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं. मी स्वतः घड्याळ लावून बघितलं. आतून हार्ड डिस्कचा कट्‌कट् आवाज. तपासणीच्या सॉफ्टवेअरने पिवळा इशारा दिला, काही सेक्टर खराब झालेले. काका म्हणाला, "एकतीस तारीख जाऊ दे, मंग कर." मी ऐकलं नाही. डिस्क मधेच मेली असती तर? हा माझा मुद्दा आजही मला बरोबर वाटतो. त्यानंतर जे केलं, ते मात्र नाही.

नवीन विंडोज टाकणं सोपं होतं. पण अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, दोन प्रिंटर, लॉगिनची प्रमाणपत्रं हे सगळं पुन्हा बसवायला दोन दिवस गेले असते. म्हणून जशीच्या तशी नक्कल करायची ठरवली. जुनी डिस्क ५०० जीबीची, नवी त्याहून लहान, त्यामुळे आधी पार्टिशन आखूड केलं. रात्री दहाला नक्कल लावली, साडेबाराला संपली. एसएसडी लावली आणि पहिलं काम काय केलं, तर बायोसमध्ये शिरलो.

मदरबोर्ड एच ६१ चिपसेटचा, २०११-१२च्या काळातला. साटा मोडसमोर लिहिलं होतं आयडीई. हे बघून मला राहवलं नाही. आयडीई म्हणजे नव्या डिस्कशी जुन्या पद्धतीनं बोलणं, एक काम संपल्यावर दुसरं. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या एएचसीआयमध्ये डिस्कला एका वेळी ३२ कामं रांगेत देता येतात, आणि कोणतं आधी करायचं ते तिचं तीच ठरवते. बदललं, सेव्ह केलं. निळा पडदा. इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.

कारण मला माहीत होतं. विंडोज सुरू होताना डिस्कपर्यंत पोचायला जो ड्रायव्हर लागतो तेवढाच चालू ठेवतं, बाकीचे झोपलेले. मी पद्धत बदलली, आणि नव्या पद्धतीचा ड्रायव्हर तर डिस्कवरच. विहिरीतून पाणी काढायचा दोर विहिरीतच पडावा तसं. आयडीई परत केलं, तर वीस सेकंदांत विंडोज उघडलं. अकरा मिनिटांवरून वीस सेकंद! इथं थांबायला हवं होतं. एसएसडी आयडीईवरही चालते, आणि फॉर्म भरणाऱ्या माणसाला जाणवणारा वेग डिस्क बदलल्यानेच मिळून जातो. एएचसीआयने काकाला काहीही दिलं नसतं. मला मात्र ते नीट हवं होतं.

सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूटवर टिक केली, रीस्टार्ट, बायोसमध्ये एएचसीआय, सेफ मोडमध्ये विंडोजने ड्रायव्हर उठवला, टिक काढली, पुन्हा रीस्टार्ट. चाललं. चार वेळा बंद-चालू करून बघितलं आणि झोपलो.

सकाळी काकूने हलवून उठवलं. दुकानात निळा पडदा, ओट्यावर पंधरा-वीस माणसं. काकाने विचारलं, "काऊन रे, बिघडली का?" एका आजोबांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "पुन्यात शिकलेला हाय ना हा?" मी अमरावतीला शिकलो आहे, पण ती वेळ दुरुस्ती करायची नव्हती.

जुनी डिस्क लावली. सुरू झाली! म्हणजे एसएसडी खराब, किंवा नक्कल खराब. केबल बदलली, पोर्ट बदललं, एसएसडी पुन्हा लावली, पुन्हा निळा पडदा. तासभर गेला. जुनी डिस्क परत लावून, निदान अर्ज तरी सुरू होऊ देत म्हणून काकाला खुर्ची दिली. त्याने बसल्या बसल्या कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं आणि तारीख बदलायला लागला. तिथं १ जानेवारी होता, वर्ष २०११.

"हे काय?"

"तारीख तं रोजच जाते. लाईन गेली का तारीख गेली. ते टाकल्याबिगर साईट उघडत नाही."

मग कळलं की रोज सकाळी काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी येतं, काका एफ १ दाबतो आणि पुढे जातो. त्या सकाळीही मी उठायच्या आधी त्याने दाबला होता. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा चपटा सेल मेलेला. रात्री लाईन असेपर्यंत बायोसला माझं एएचसीआय आठवत होतं, म्हणून चारही वेळा चाललं. पहाटे लाईन गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली, आणि बायोस आपल्या मूळ आयडीईवर परत गेलं. जुनी डिस्क आयडीईचीच, ती का नाही चालणार?

दोन वर्षं तो माणूस रोज तारीख टाकत होता. मी फोनवर कितीदा विचारलं असेल, "कॉम्प्युटर कसा आहे?" तो म्हणायचा, "बरा आहे."

एसएसडी लावली, एएचसीआय केलं, तारीख टाकली. रविवार असल्यामुळे सेल लगेच मिळेना. दुपारी दोनदा लाईन गेली. दुसऱ्यांदा मी जेवत होतो. हात धुऊन येईपर्यंत काकाने स्वतःच डिलीट दाबून मोड बदलला होता आणि अंगठा घेत होता. कीबोर्डशेजारी पासबुकाच्या झेरॉक्सच्या पाठीवर त्याने लिहून ठेवलं होतं : डिलीट, साटा, एएचसीआय, एफ १०, मग तारीख.

सोमवारी मानोऱ्याहून एका मुलाने सेल आणला. त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत अर्ज चालले. पुढे ३ ऑगस्टपर्यंत मुदतवाढ झाली, तेव्हा मी पुण्यात होतो.

दिवाळीत गेलो तर तो कागद सेलोटेपने मॉनिटरला चिकटवलेला होता. सेल चांगला आहे, आता याची गरज नाही, असं मी सांगितलं. काका म्हणाला, "राहू दे." आणि कॉम्प्युटर लावून आधी कोपऱ्यातली तारीख बघितली.