10 डिसेंबरची तीन नावं

4 डिसेंबरला नौदल दिन असतो, तेव्हा 1971 च्या युद्धातला कराचीवरचा हल्ला टीव्हीवर दिवसभर दाखवतात. 9 तारखेला बुडालेल्या 'खुकरी' युद्धनौकेची आठवण निघते. ती निघायलाच हवी. दीवसमोरच्या समुद्रात कॅप्टन मुल्लांसह 194 जण गेले. 10 तारीख मात्र कोरडीच जाते. आमच्या हैदराबादमधल्या काचीगुड्याच्या घरात तसं होत नाही. काका अंघोळ करून देवापुढे दिवा लावतात आणि मोठ्यानं तीन नावं घेतात: लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही, विजयन.

काका युद्धानंतर नौदलात गेले. गोव्यात दाबोळीला 'हंस' तळावर अलिझे विमानांच्या वायरिंगचं काम त्यांनी केलं. त्या तिघांना त्यांनी पाहिलेलंही नाही. पण अलिझेंच्या 310 स्क्वाड्रनमधल्या जुन्या लोकांनी काम शिकवता शिकवता ही नावं त्यांच्या कानावर घातली होती.

1971 मध्ये 'विक्रांत' ही विमानवाहू नौका अलिझे घेऊन बंगालच्या उपसागरात होती, तरी काही अलिझे पश्चिम किनाऱ्यावर राहिली होती. त्यांतलं एक, ज्यात हे तिघं होते ते, 10 डिसेंबरला कच्छमधल्या जखौजवळ पाकिस्तानच्या स्टारफायटरनं पाडलं. अलिझे म्हणजे पाणबुड्या हुडकणारं, पंख्यावर चालणारं विमान. पोटातून रडारचा घुमट खाली सोडायचा आणि तासन्‌तास पाण्यावर घिरट्या घालायच्या. काका हे सांगताना दोन्ही तळहातांची ओंजळ करून ती सावकाश खाली नेतात. मागे लागलेलं विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाचं असेल, तर अलिझेनं पळायचं कुठे?

कुठे उल्लेख आलाच, तर बहुधा रॉय यांचं नाव असतं, पुढे 'आणि अन्य दोघे'. हे मला फार लागतं. त्या विमानात बसलेल्या तिघांचा समुद्र एकच होता.

मागे दुंडीगलच्या वायुसेना अकादमीत माझ्या मावसबहिणीच्या मुलाला विंग्ज मिळाले. निळ्या गणवेशांच्या रांगांत नौदलाची पांढऱ्या कपड्यांतली मोजकीच मुलं, त्यांत तो. काकांना मी हट्टानं नेलं होतं. संचलन संपल्यावर पोरानं वाकून नमस्कार केला. काकांनी त्याच्या छातीवरच्या पंखांना बोट लावलं आणि विचारलं, "अलिझे पाहिलंयस का रे?"

"गोव्याच्या म्युझियममध्ये पाहिलंय, आजोबा. त्यात तिघं कसे बसायचे?"

काका तिथल्याच खुर्चीवर टेकले, त्याला शेजारी बसवलं आणि सांगायला लागले. सुरुवात त्यांनी विजयनपासून केली.