सीट बसत नाही, बसवावं लागतं

आज सोयाबीनवर काही नाही, फवारणीवरही नाही. आज गाडीच्या सीटवर लिहितोय. हसू नका. आपली गाडी म्हणजे निम्मं अवजारच असतं. खताची गोणी तीच आणते, दुधाचे कॅन तीच नेते, मजुरांचा डबाही तिच्यावरच जातो. आपले कृषी सहायक तर दिवसाला चार-चार गावं त्याच सीटवर बसून करतात.

गाडी 100 सीसीची, चांगली जुनी. मूळ सीटचा खालचा पत्रा गंजून पुढची जीभच तुटली. वरचा फोम उंदरांनी आधीच साफ केला होता. कंपनीचं सीट महिनाभर येणार नव्हतं आणि पेरणी तोंडावर, म्हणून तालुक्याला जाऊन साधं बाहेरचं सीट टाकलं. 750 रुपये. दिसायला झकास, लाल दोऱ्याची शिलाई.

दोन दिवसांत तीन गोष्टी लक्षात आल्या. ब्रेक मारला की माणूस घसरून टाकीला जाऊन भिडतो. शेतातून घरी आलं की कंबर धरते. आणि खड्ड्यात गाडी आदळली की हेडलाईट क्षणभर मिचकावतो. पहिल्या दोन गोष्टी सोसत आलोच आहोत आपण, पण तिसरीनं झोप उडवली. सीट आणि लाईटचा संबंध काय?

दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला, "भाऊ, तुमची चेसिसच वाकली असंल. फिट केलेला माल परत होत नाही." घरी येऊन जुना पत्रा आणि नवा प्लास्टिकचा तळ शेजारी उलटे ठेवले, टेप लावला. जीभेपासून बोल्टच्या भोकापर्यंतचं अंतर नव्यात 6 मिमीनं कमी. म्हणजे चेसिस सरळच होती. फिटरनं पान्यानं ओढून ताणून बोल्ट घातले होते आणि भोकाच्या कडेला प्लास्टिकला केसासारखी चीरही पडायला लागली होती. म्हणून सांगतो, जुनं सीट भंगारात टाकायची घाई करू नका. मोजायला तेच कामाला येतं.

मग एक जुनी युक्ती केली. सुतार सांधा तपासायला करतात तशीच. सीट काढलं, फ्रेमच्या पाइपांवर आणि वायरिंगवर ओला गेरू फासला, सीट ठेवलं, त्यावर मिनिटभर बसलो आणि पुन्हा काढलं. जिथं टेकतं तिथं लाल डाग. मागच्या दोन्ही रबरी गुटक्यांवर डाग व्यवस्थित. पुढच्या दोन्ही गुटक्या कोऱ्या! पुढचा सगळा भार तळाच्या मधल्या पट्टीवर आणि ती पट्टी बरोबर वायरच्या जुडग्यावर. वरची टेप घासून निघाली होती, एका तारेचं तांबं दिसत होतं.

इथं जरा थांबून विचार करा. ती तार फ्रेमला टेकली की शॉर्ट. फ्यूज नीट असेल तर तो उडेल. पण आपल्याकडं कितीतरी गाड्यांत फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी असते. मग तारच तापते, आणि वर फोम, बाजूला पेट्रोलची टाकी. हे सगळं एका सहा मिलिमीटरपायी.

दुरुस्ती फार अवघड नाही. भोकं गोल कानशीनं लांबट केली, म्हणजे बोल्ट न ओढता सरळ बसला, आणि खाली मोठे वायसर दिले. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचं रबर कापून पुढच्या गुटक्यांना जोड दिली. गेरू लावून परत तपासलं, तिसऱ्या खेपेला चारही गुटक्यांवर सारखा डाग आला. उघडी तार जोडून टेप केली, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि जुडगं पट्टीच्या वाटेतून बाजूला बांधलं. लाईटचं मिचकावणं बंद. पुढचा उतार गेला तसं घसरणंही गेलं.

कंबर मात्र राहिलीच. कारण फोम. हातानं दाबला की मऊ लागतो, पण खड्ड्यात पार तळाला टेकतो. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सगळ्यात जास्त बाधणारा हादरा सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारा असतो, आणि बैलगाडीच्या चाकोरीतून गाडी चालवली की असेच हादरे बसतात. ट्रॅक्टरवाल्यांची कंबर जाते तीही यातच. गादीवाल्याकडून खाली तुकड्यांचा दाबलेला कडक फोम आणि वर मऊ थर घालून घेतला. 250 रुपये. आता कंबर पूर्वीइतकीच दुखते, म्हणजे वयाइतकी.

मधल्या पट्ट्याचं वेगळं सांगतो. आमची आई एका अंगावर बसते आणि मला धरत नाही, पट्ट्याला धरते. अंगणात मी तो पट्टा जोरात ओढला तर एका बाजूनं हातात आला. रेक्झिनला नुसत्या दोन पिना! रस्त्यावर आईच्या हातात आला असता तर? केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 123 मागच्या माणसासाठी हातपकड आणि पायदान पक्कं असावं असं सांगतो. पिना मारलेला पट्टा ही हातपकड नव्हे, शोभा आहे. मी पट्टा बोल्टनं आवळला आणि मागं लोखंडी कडंही लावलं. आई आता कड्याला धरते.

तुम्ही बाहेरचं सीट घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी ते दुकानासमोरच गाडीवर बसवून बघा, बोल्ट हातानं फिरतात का बघा, आणि पट्टा ओढा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

शिलाईतून पाणी जाऊ नये म्हणून पावसात खताच्या गोणीचं आतलं प्लास्टिक घालतो. गाडी हल्ली बाभळीखाली असते, आणि कोंबड्यांना ते सीट फारच पसंत पडलंय. त्यावर कोणाकडं इलाज असला तर सांगा.