दोन्ही नोंदी राहू द्या

पेणला आमचा गणपतींचा कारखाना आणि रोह्यात बुकिंगचं दुकान. पेण, हमरापूर, जोहे इथून मूर्ती राज्यभर जातात, परदेशातही जातात. प्रत्येकीमागे उंची, रंग, विसार, नेण्याची तारीख अशा नोंदी असतात. त्या आम्ही दोन्हीकडे एकाच अ‍ॅपमध्ये ठेवतो. डेटा सिंक व्हावा तो वापरणाऱ्याला कळूही न देता, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. तफावत आली तर शेवटची नोंद खरी धरायची नि पुढे जायचं. आज मला हे पटत नाही.

मत पालटलं ते एका बुकिंगमुळे. आषाढातला पाऊस, रोह्यात नेटवर्क गेलेलं. गिऱ्हाइकाने फुटाची मूर्ती दीड फुटाची करून मागितली, ती मी ऑफलाइन नोंदवली. त्याच्या थोडंच आधी त्यांचा भाऊ पेणला माझ्या दादाकडे पाट आणि विसार देऊन गेला होता. नेटवर्क आल्यावर अ‍ॅपने माझी नोंद ताजी म्हणून ठेवली आणि विसाराची रक्कम पुसली गेली. ना सूचना, ना प्रश्न. पाटाला चिकटवलेली नावाची चिठ्ठी आणि पावतीबुकातलं अर्धुक होतं, म्हणून हिशेब लागला.

खरं तर त्या नोंदींत भांडण नव्हतंच. एकीत उंची बदलली होती, दुसरीत विसार. अ‍ॅपने मात्र अख्खी ओळच बदलली. शिवाय शेवटची नोंद कोणती, हे ठरवणार फोनचं घड्याळ! वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवर विसंबून घटनांचा क्रम खात्रीने लावता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालीच दाखवून दिलं होतं.

सिंकथिंग हे मुक्त सॉफ्टवेअर अशा वेळी मागे पडलेली फाइलही वेगळ्या नावाने जपून ठेवतं. गिट तर एकाच ओळीत दोन वेगळे बदल दिसले की थांबतं आणि निवड माणसावर सोपवतं. हे थांबणं मला पूर्वी कच्चेपणाचं वाटायचं. आता तोच प्रामाणिकपणा वाटतो.

रकाने वेगळे असतील तर सॉफ्टवेअरने ते खुशाल जुळवावेत. एकाच रकान्यात दोन उत्तरं आली, तर दोन्ही ठेवावीत आणि विचारावं. त्यात आमचा मिनिटभर वेळ मोडेल. पण विश्वासाने आगाऊ पैसे देणाऱ्या माणसाची नोंद परस्पर पुसण्याचा अधिकार कुठल्याच यंत्राला नसावा.