झरीच्या वाटेवर ‘द क्लॅश’
बोईसरला एमआयडीसीवाले उतरले आणि डहाणू लोकलमध्ये पाय पसरण्याइतकी जागा झाली. मग हेडफोन लावले. दहावीत मित्राकडून भरून घेतलेली, ‘द क्लॅश’ या इंग्लिश पंक बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ची कॅसेट कधीच खराब झाली, आता सगळा अल्बम मोबाइलवर आहे. तेव्हा त्यात मला नुसता राग ऐकू यायचा. आई ‘बंद कर ते’ म्हणाली की आवाज वाढवायचा, एवढीच आपली क्रांती!

वाणगाव मागे पडलं तरी माझं सगळं लक्ष पॉल सिमोननच्या बासवर होतं. ब्रिक्स्टनच्या जमैकन शेजारात रेगे ऐकत वाढलेला हा माणूस दोन सुरांच्या मध्ये केवढी मोकळी जागा सोडतो! पंक म्हणजे धडाधड, असं डोक्यात बसलेलं. १९७९च्या या अल्बममध्ये तर रेगे आहे, जॅझही आहे. गायक जो स्ट्रमर हा मुत्सद्द्याचा, बोर्डिंगात शिकलेला मुलगा. वडिलांचा जन्म चक्क लखनौचा. असा माणूस कामगारांच्या वतीने ओरडतो, याचा पूर्वी मला राग आला असता.

डहाणू रोडला चिकूच्या खोक्यांमधून वाट काढत बाहेर पडलो. तलासरीहून झरीसाठी इको गाडी केली. २३ मे १९४५ला याच झरीत हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे जन्मभर राबणारे लग्नगडी त्यांच्यात होते. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी काहीजण मारले गेले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय, त्यांना हे सांगायला नको. पुण्याच्या वकिलाची ही मुलगी. वारल्यांनी तिला गोदाराणी केलं.

झरीत मला काय दिसायला हवं होतं, देव जाणे. दिसला तो लग्नाचा मांडव. पुरुषभर उंचीचे स्पीकर, की-बोर्डवर काढलेला तारपा या वारली वाद्याचा आवाज, डीजेच्या ठेक्यावर रिंगण धरून चालीत फिरणाऱ्या पोरी. क्षणभर हिरमुसलो. मग स्ट्रमरचं १९७८चं ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’ आठवलं. रेगेच्या रात्रभराच्या मैफलीला बंडखोरी ऐकायला गेलेला हा गोरा, आणि समोर निव्वळ झगमगाट. पण त्या गाण्यात तो स्वतःलाही सोडत नाही. लोकांनी आपल्या लग्नातही माझ्यासाठी बंड करावं, ही अपेक्षाच मुळात आगाऊ.

परतताना इकोवाल्या पोराने विचारलं, “काका, काय ऐकताय?” फोन त्याच्या स्पीकरला जोडून तेच गाणं लावलं. त्याने स्टिअरिंगवर ठेका धरला. चार मिनिटांत गाणं संपलं, तसा तो म्हणाला, “ढोल चांगलाय. पण एवढ्यात तर आमच्याकडे रिंगणपण धरून होत नाही!”