नाव तेच, फाईल वेगळी

मागच्या वर्षी आमच्या साप्ताहिकात एक श्रद्धांजली आली, पण तिची शेवटची ओळ छापलीच गेली नाही. त्या ओळीत दशक्रिया विधीची वेळ आणि घाट होता. खालापूर तालुक्यातल्या त्या घरचे लोक ऑफिसात आले. भांडले नाहीत. थोरला मुलगा एवढंच म्हणाला, "भाऊ, आत्याला विधी उरकल्यावर कळलं." जाहिरातीचे पैसे परत दिले, पण त्याने काय होतं?

चूक छपाईवाल्याची नव्हती, आमची होती. झालं असं की पान लावताना आम्ही मुक्त परवान्याचा एक मराठी फॉन्ट वापरतो, फुकट मिळतो म्हणून. त्यात ल आणि श हिंदी वळणाचे यायचे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणाची अक्षरं ठरवून दिलीत, आणि आपल्या वाचकालाही तीच हवीत. आमच्या डीटीपीवाल्या पोराने फॉन्टफोर्ज नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली, ल-श बदलले, आणि कॉलममध्ये जास्त मजकूर बसावा म्हणून अक्षरं किंचित अरुंद केली. मी त्याची पाठ थोपटली. नाव मात्र जुनंच ठेवलं. सोबतची परवान्याची फाईल "कशाला ती" म्हणून काढून टाकली आणि कर्जत, नेरळ, खोपोलीतल्या ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर वाटली.

शेवटच्या क्षणी जाहिरात बदलते, म्हणून आम्ही पीडीएफ न पाठवता पानाची उघडी फाईल पाठवतो. छपाईच्या संगणकावर त्याच नावाचा मूळ फॉन्ट होता. संगणकाला नाव कळतं, आमची कारागिरी कळत नाही. अक्षरं रुंद झाली, मजकूर चौकटीबाहेर गेला, शेवटची ओळ गेली.

मग त्या परवान्याचा कागद मी पहिल्यांदा वाचला. पंधरा मिनिटं लागली. ओपन फॉन्ट लायसन्स म्हणतात त्याला. बदल करा, वाटा, छपाईच्या धंद्यात वापरा, परवानगी मागायची गरज नाही. नुसता फॉन्ट एकटा विकायचा नाही. मूळकर्त्यांची नावं आणि परवाना सोबत ठेवायचा, बदललेला फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यायचा. आणि मूळकर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फाईलला ते नाव द्यायचं नाही. आमच्या फॉन्टचं नाव राखीव होतं. म्हणजे जे करायला पूर्ण मोकळीक होती तेसुद्धा आम्ही चोरासारखं केलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये परवान्यागणिक अटी बदलतात. जीपीएल असेल तर बदललेला प्रोग्रॅम ज्याला देता त्याला सोर्स कोडही द्यावा लागतो. एमआयटी परवान्यात सूचना आणि नावं जपली की झालं.

मूळकर्त्यांना मेल लिहिला, जे झालं ते लपवलं नाही. दोन दिवसांत उत्तर आलं, न रागावता. मराठी ल-श त्या फॉन्टमध्ये आधीपासूनच होते! मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की आपोआप येतात. आधी विचारलं असतं तर निम्मं काम करावंच लागलं नसतं. अरुंद अक्षरांबद्दल त्यांनी लिहिलं की ती त्यांना मूळ फॉन्टमध्ये नकोत, आम्ही वेगळ्या नावाने खुशाल करावीत.

यालाच तिकडे फोर्क म्हणतात. आपल्याकडे फाटा. चारफाट्यावर उभं राहून पाटी न वाचता गाडी वळवणारा कर्जतकर मी तरी पाहिला नाही. २८ सप्टेंबर २०१० ला ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघालं तेव्हा जुनं नाव ओरॅकल कंपनीकडे होतं. वेगळं होणाऱ्यांनी कंपनीलाही सोबत यायचं आमंत्रण दिलं, आणि काम नव्या नावाने सुरू केलं. आज तालुक्यात कितीतरी जण लिबरऑफिसवर अर्ज टाइप करतात. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' फॉन्ट. संस्कृत ग्रंथांसाठी आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी त्यावरून 'शोभिका' केला, मूळचं श्रेय देऊन, स्वतःच्या नावाने. आणि नावाचं मोल आपल्या मतदारसंघाला मी काय सांगू? २०२३ मध्ये शिवसेनेचं आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीचं नाव-चिन्ह कोणाचं, हे निवडणूक आयोगाला ठरवावं लागलं.

आमच्या फाईलला आता आपल्या उल्हास नदीचं नाव दिलंय. वर मूळकर्त्यांची नावं, खाली आम्ही काय बदललं ते तारखेनिशी, सोबत परवाना. काम करताना मूळ फॉन्टमध्ये एका जोडाक्षराचा रफार सरकलेला दिसला, ती दुरुस्ती त्यांना पाठवली. घेतील की नाही तो त्यांचा प्रश्न.

मागच्या वर्षी माझ्याकडून किंवा ऑफिसातून व्हॉट्सॲपवर फॉन्ट घेतलेल्यांनी ती जुनी फाईल कृपया संगणकावरून काढून टाका. ज्यांना पुढे पाठवली असेल त्यांनाही सांगा. नवीन हवी असेल तर ऑफिसात पेनड्राइव्ह घेऊन या, सोमवार सोडून कधीही.