बोरगडावरची दुर्बीण

मोतीबिंदू काढल्यावर आम्ही पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर बारा पटीची दुर्बीण विकत घेतली. सौभाग्यवतींनी किंमत विचारली नाही. हे लक्षण बरे नव्हे, हे आम्हांस तेव्हाच कळावयास हवे होते.

नाशिकच्या उत्तरेस, रामशेजजवळ, बोरगडाचे रान आहे. सन २००८ पासून ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. शिकार १९७२ च्या कायद्याने गेली, तरी जनावर हेरण्याची हाव कोठे जाते? पहाटे जाऊन बसलो. बारा पटीने जनावर मोठे होते खरे, पण हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दृष्टीचा घेर आक्रसतो. जवळचे पान स्पष्ट केले की पलीकडचे रान धुके होते. त्यातून आमची भिंगे बेचाळीस मिलिमीटरांची. डोळ्यांत प्रकाश उतरणार तो साडेतीन मिलिमीटरांच्या झरोक्यातून. आठ पटीची घेतली असती, तर हाच झरोका सव्वापाचांचा झाला असता!

"अहो, ससा! आधी डोळ्यांनी धरा, मग दुर्बीण लावा," सौभाग्यवती कुजबुजल्या.

आम्ही दुर्बीण खाली केली. ससा गेला होता. पण करवंदीच्या जाळीतली एक फांदी अजून हलत होती, आणि ती आम्हांस चष्म्यावाचून दिसली.