उधारीची झोप

गेल्या आगमनकाळातील एका सायंकाळी आम्ही पापनिवेदन ऐकण्यास बसलो होतो. आदल्या रात्री एका रुग्णाला अभ्यंग देऊन परतण्यास दोन वाजले होते आणि पहाटेची मिस्सा होतीच. जाळीपलीकडून हलक्या आवाजात प्रश्न आला, "फादर, तुम्ही ऐकताय ना?" आम्ही ऐकत नव्हतो; आम्हांला डुलकी लागली होती. क्षमा मागून आम्ही पुन्हा आरंभापासून सांगण्याची विनंती केली. जे एकदा उच्चारणेही जड गेले असेल, ते त्या व्यक्तीला दुसऱ्यांदा उच्चारावे लागले. ती बोच अद्याप गेलेली नाही.

सेमिनरीत असल्यापासून जागरणाचा आम्हांला थोडा अभिमानच वाटत आला आहे. त्या दिवशीही पाच पेले चहा घेऊन आपण ताजेतवाने आहोत असा आमचा समज होता. पुढे वाचनात आले, की जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व त्यामुळे झोपेची ओढ वाढते. चहातील कॅफिन त्याचा परिणाम काही काळ रोखून धरते. साचलेले द्रव्य मात्र झोपेतच ओसरते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर १७ ते १९ तास जागलेल्या माणसांची कामगिरी काही चाचण्यांत १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी, किंबहुना त्याहूनही वाईट ठरली. आपल्या कायद्यात वाहनचालकाला मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची! आम्ही त्या रात्री स्कूटरवरून परतलो होतो.

आमच्या वसईत पहाटेच्या लोकलसाठी चारला उठणारी माणसे घरोघरी आहेत. रात्रपाळीच्या परिचारिका आहेत, उशाशी मोबाइल घेऊन मध्यरात्र उलटवणारी मुले आहेत. मुलांना आम्ही रागावतो. परिचारिकेला काय सांगावे? दीर्घकाळच्या अपुऱ्या झोपेचा संबंध उच्च रक्तदाब, मधुमेह व स्थूलतेशी आढळला आहे. रात्रपाळीचे काम बहुधा कर्ककारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली जाहीर केले. पाळी तिच्या हाती नसते. निदान ती दिवसा झोपली असता दाराची घंटा वाजवू नये, एवढे तरी शेजारधर्मात बसते.

रात्री हाक आली तर आम्ही आजही जातो. मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी दार लोटून तासभर पडतो. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी आल्यागेल्याला "फादर बाहेर गेलेत" असे सांगत. "झोपलेत" म्हणायला त्यांना संकोच वाटे. आता तसे म्हणतात, पण अजून आवाज खाली घेऊन.